उन्हाची बेगमी करणाऱ्या मारियाबाई



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र येते. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी यांची चरित्रे आजवर येऊन गेली आणि आपण ती आवडीने वाचली. यंदा हे काम संपादिकाबाईंनी माझ्यावर सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चरित्र लिहिणे हे शिकल्यासवरलेल्यांचे काम, असे मी त्यांना सांगून पाहिले, पण त्यांनी ऐकले नाही. तेव्हा गोड मानून घ्यावे.

मी निवडलेली बाई परदेशची आणि रसायनशास्त्राची पंडित. तरी तिने आयुष्यभर जे काम केले ते आपल्या स्वयंपाकघरापासून फार दूरचे नाही. त्यांचे नाव मारिया तेल्केश. अमेरिकेत लोक त्यांना सूर्यराणी म्हणत.

त्यांच्यावरच का लिहावेसे वाटले, ते आधी सांगते. गेल्या वर्षीच्या सभेत मंडळाच्या हॉलच्या छतावर सोलर बसवावे अशी सूचना आली. पैसे पापड-मसाल्याच्या कामातून साठलेल्या फंडातून घ्यायचे होते. विरोधात पहिला हात माझा वर गेला, हे पुष्कळ जणींना आठवत असेल. कारण आमच्या घरचे होते. काही वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बंब बसवला होता. आमचे पाणी बोअरचे, जड. दोन वर्षांत क्षार साठून नळ्या बुजल्या. विकणाऱ्याने दुकान बंद करून गाव सोडले होते. तो बंब अजून गच्चीवर आहे आणि त्यावर कबुतरे बसतात. तेव्हा ऊन विकत घेण्याच्या गोष्टीवरून माझे मन उडाले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी हे सगळे तावातावाने सांगितले. माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून रात्री भांडी झाल्यावर मला एका बाईची हकीकत थोडी थोडी मराठीत सांगायला लागली. ती हकीकत मी आज तुम्हांला सांगत आहे.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेऊ. आजकाल खर्चापेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करणारे घर असे शब्द कानावर येतात. म्हणजे काय? आपण घरात दिवे लावतो, पंखे फिरवतो, पाणी तापवतो, स्वयंपाक करतो. हा झाला खर्च. बहुतेक घरांत जमेची बाजू कोरीच असते. पण ज्या घराच्या छतावर उन्हापासून वीज तयार होते त्या घराला जमेची बाजूही असते. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटच्या पॅनेलपासून चांगल्या दिवशी साधारण ४ युनिट वीज मिळते, म्हणजे ३ किलोवॅटला १२ युनिट. चौघांच्या साध्या घराला दिवसाला पाच-सहा युनिट पुरतात. उरलेली वीज तारेवरून वीज कंपनीकडे जाते आणि येण्याजाण्याचा दोन्ही हिशेब ठेवणाऱ्या मीटरवर ती आपल्या नावे जमा होते. वर्षाच्या अखेरीस जमेची बाजू जड भरली, तर ते घर घेणारे न राहता देणारे घर झाले.

ऐकायला हे सोपे आहे. अडचण अशी की ऊन दिवसा असते आणि दिवे रात्री लागतात. थंड देशात तर ऊन उन्हाळ्यात असते आणि ऊब हिवाळ्यात हवी असते. म्हणजे खरा प्रश्न कमाईचा नसून साठवणीचा आहे. माझे माहेर कोकणातले. मृग लागायच्या आत आमची आई सरपण रचून घेई, कोकम, फणसाचे पापड, सुकी मासळी, मीठ, सगळे डबे भरून ठेवी. चार महिने घर चाले ते त्या बेगमीवर. मारियाबाईंनी आयुष्यभर हीच बेगमी केली, पण ती उन्हाची.

मारियाबाईंचा जन्म हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथे १२ डिसेंबर १९०० रोजी झाला. लहानपणापासून त्यांना रसायनांची आवड होती. कॉलेजात असताना पुढच्या काळात माणसाला ऊर्जा कोठून मिळेल याविषयीचे एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि सूर्याची शक्ती वापरण्याचा विचार मनात रुजला. १९२४ साली बुडापेस्टच्या विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या काळी आपल्याकडे किती मुली पदवीपर्यंत पोचत होत्या, ते आठवून पाहावे म्हणजे या गोष्टीची किंमत कळेल.

पुढच्या वर्षी त्या अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी असलेल्या आपल्या नातलगांना भेटायला गेल्या. गेल्या त्या पाहुण्या म्हणून, आणि राहिल्या कायमच्या. तेथील एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात त्यांनी बरीच वर्षे काम केले. सजीवांच्या शरीरातून निर्माण होणारी ऊर्जा हा तेथील विषय होता. १९३७ साली त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या आणि वेस्टिंगहाउस या विजेची यंत्रे करणाऱ्या कंपनीत लागल्या. उष्णतेपासून सरळ वीज कशी काढता येईल यावर त्यांनी तेथे काम केले. १९३९ साली बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे एम.आय.टी.त, सूर्यशक्तीचे संशोधन सुरू झाले होते. मारियाबाई तेथे दाखल झाल्या. लहानपणीच्या ध्यासाला आता जागा मिळाली.

एवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. समुद्रात विमाने कोसळत, जहाजे बुडत. वाचलेले सैनिक तराफ्यावर दिवसचे दिवस तरंगत. चहूकडे पाणी असून प्यायला थेंब नाही, अशी त्यांची दशा होई. मारियाबाईंनी त्यांच्यासाठी फुगवता येणारी प्लास्टिकची एक पारदर्शक पिशवी तयार केली. आत काळे, पाणी धरून ठेवणारे कापड असे. त्यावर खारे पाणी घालायचे आणि पिशवी उन्हात तरंगत ठेवायची. उन्हाने पाण्याची वाफ होई, ती प्लास्टिकला आतून लागून थंड होई आणि गोड्या पाण्याचे थेंब खाली गोळा होत. पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटते ना, तसेच. दिवसाला साधारण एक लिटर पाणी मिळे, म्हणजे एका माणसाचा जीव वाचण्यापुरते. या पिशव्या हव्या तितक्या तयार होऊन निघेपर्यंत युद्ध संपत आले होते, हे खरे. तरी १९४५ साली सरकारने त्यांना गौरवपत्र दिले. पुढे हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरून खाऱ्या पाण्याच्या बेटांना गोडे पाणी कसे देता येईल यावरही त्यांनी काम केले.

युद्ध संपले आणि त्या आपल्या मुख्य कामाकडे वळल्या. ते काम म्हणजे ऊन साठवणे.

तोवर ऊन साठवायचे म्हणजे दगड किंवा पाणी तापवून ठेवायचे, एवढेच लोकांना ठाऊक होते. पण घरभर ऊब पुरवायची तर पाण्याच्या प्रचंड टाक्या लागतात. मारियाबाईंनी वेगळा विचार केला. आपल्या घरातले उदाहरण देते. थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते. ती उन्हात ठेवली की तेल पातळ होते. थिजलेल्याचे पातळ होताना ते तेल पुष्कळ उष्णता पिऊन घेते, आणि पुन्हा थिजताना तीच उष्णता बाहेर टाकते. हाताला ती कळत नाही एवढेच. प्रत्येक पदार्थाचा हाच स्वभाव आहे. पोलिओच्या डोसाच्या पेटीत बर्फाच्या चपट्या बाटल्या असतात. तो बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता पीत राहतो, म्हणून डोस थंड राहतो. तेव्हा घर उबदार ठेवायचे तर असा पदार्थ हवा, की जो साध्या उन्हाच्या उबेने वितळेल आणि खोली गार पडू लागताच थिजून ऊब परत देईल.

असा पदार्थ त्यांना सापडला. त्याला ग्लॉबरचे मीठ म्हणतात. पूर्वी हे मीठ जुलाबासाठी देत. ते स्वस्त होते, भरपूर मिळत होते आणि ३२ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळत होते. तेवढ्याच जागेत पाण्यापेक्षा किंवा दगडांपेक्षा त्यात कितीतरी जास्त उष्णता मावते. जुलाबाच्या मिठात ऊन भरून ठेवायचे, ही कल्पना ऐकून पुष्कळांना हसू आले असेल. संस्थेतल्या एका प्रायोगिक इमारतीत या मिठाचे डबे ठेवून पाहिले, पण प्रयोग नीट साधला नाही. वरिष्ठांचा त्या कल्पनेवर विश्वास राहिला नाही. मारियाबाईंना सूर्यशक्तीच्या कामातून काढून धातुशास्त्राच्या विभागात पाठवले.

एखादी बाई असती तर म्हणाली असती, जाऊ द्या. मारियाबाईंनी तसे केले नाही. त्यांनी बाहेर मदत शोधली आणि ती त्यांना मिळाली दोन बायकांकडून. पहिल्या एलिनॉर रेमंड. त्या बोस्टनच्या वास्तुविशारद होत्या. बायका घरांचे नकाशे काढतात याचेच लोकांना नवल वाटावे असा तो काळ, आणि या बाई तर नवनव्या साहित्याची घरे बांधून पाहण्यात पटाईत. दुसऱ्या अमेलिया पीबॉडी. त्या मूर्तिकार होत्या आणि घरच्या श्रीमंत होत्या. बोस्टनजवळ डोव्हर गावी त्यांची मोठी जमीन होती. अमेलियाबाईंनी जागा आणि पैसा दिला, एलिनॉरबाईंनी नकाशा काढला आणि मारियाबाईंनी ऊब कशी आणायची ते ठरवले. एकीचा पैसा, दुसरीचा नकाशा, तिसरीचे शास्त्र. हे वाचताना मला आपल्या मंडळाची आठवण झाली, हे कबूल करते.

१९४८ साली घर उभे राहिले. बाहेरून ते जरा चमत्कारिकच दिसे. दक्षिणेकडची वरच्या मजल्याची सगळी भिंत काचेची होती. तिथे १८ मोठ्या खिडक्या होत्या, पण त्यांतून बाहेर पाहायचे नव्हते. काचेच्या मागे काळे रंगवलेले पत्रे होते. उन्हाने पत्रे तापत, पत्र्यांमागची हवा तापे, आणि विजेच्या पंख्यांनी ती हवा खालच्या बंद कप्प्यांत ढकलली जाई. त्या कप्प्यांत डब्यांमधून २१ टन ग्लॉबरचे मीठ भरून ठेवले होते. दिवसा मीठ वितळे. रात्री ते थिजू लागले की त्याची ऊब खोल्यांतून पसरे. ढगाळ दिवस आठवडाभर आले तरी बेगमी पुरावी असा हिशेब केला होता. कोळसा नाही, तेल नाही, शेगडीही नाही.

१९४८ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी एक कुटुंब त्या घरात राहायला आले. ते होते मारियाबाईंचेच नातलग. नवरा, बायको आणि लहान मूल. ज्या घराविषयी जाणत्या लोकांनी नाके मुरडली होती, त्यात बर्फ पडत असताना आपल्याच माणसांचे लेकरू निजवायचे, ही साधी गोष्ट नव्हे. मी आई आहे, म्हणून मला या जागी थांबावेसे वाटले. हिशेब चुकला असता तर बोलणी कोणाला बसली असती, ते आपण सगळ्या जणी जाणतो.

पण हिशेब चुकला नाही. पहिला हिवाळा उबेत गेला. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत फोटो छापून आले. लांबून लांबून लोक घर पाहायला येऊ लागले. दुसराही हिवाळा पार पडला.

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र घर गारठू लागले. काय झाले होते? तेच मीठ शेकडो वेळा वितळले आणि थिजले होते. वितळताना त्याचा जड भाग साक्यासारखा तळाशी बसे आणि पातळ पाणी वर तरंगे. ताक न घुसळता ठेवले तर निवळ वर आणि घट्ट खाली होते, तसे. मग दोन्ही भाग पुन्हा एकजीव होईनात आणि मीठ ऊब धरीना. शिवाय डबे आतून गंजले आणि गळू लागले. घरच्यांना दुसरी सोय पाहावी लागली. पुढे काही काळाने ती सगळी मिठाची योजना काढून टाकून तेथे तेलाची भट्टी बसवण्यात आली. १९५३ साली मारियाबाईंनी ती संस्थाही सोडली.

भगिनींनो, माझ्या मुलीने इथपर्यंत सांगितले तेव्हा मी तिला म्हटले की झाले की नाही आमच्या बंबासारखेच. मला जरा बरेच वाटले, खोटे कशाला बोलू! पण तिने सांगितले की हकीकत अजून संपलेली नाही. त्या वेळी मारियाबाईंचे वय ५२-५३ होते.

घर बिघडले ते उन्हामुळे नव्हे, बेगमीचा डबा नासला म्हणून, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी मिठाचा पिच्छा सोडला नाही. त्याचा एक दोष त्यांनी आधीच ओळखला होता. कधी कधी हे मीठ गार झाले तरी थिजतच नाही, पातळच राहते, आणि मग ऊबही देत नाही. त्यावर १९५२ साली त्यांनी उपाय प्रसिद्ध केला. त्यात थोडासा टाकणखार मिसळायचा. टाकणखाराचे बारीक कण विरजणासारखे काम करतात. दुधाला विरजण लागले की दही धरते, तसे मीठ त्या कणांभोवती धरू लागते. साका तळाशी बसण्याचा दोष जायला अधिक वर्षे लागली. त्यासाठी त्यांनी मिठात विशिष्ट जातीची माती कालवून त्याला खळीसारखा दाटपणा आणला, म्हणजे कण जागच्या जागी धरून राहतात. या युक्तीचे पेटंट त्यांना मिळाले ते १९७० नंतर. डोव्हरचे घर बांधल्याला तोवर पाव शतक होऊन गेले होते.

मधल्या काळात त्यांनी इतरही पुष्कळ कामे केली. १९५२ साली अमेरिकेतील स्त्री इंजिनियरांच्या संस्थेने आपला पहिला गौरव पुरस्कार त्यांनाच दिला. न्यूयॉर्क विद्यापीठात असताना फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने त्यांनी सूर्यचूल तयार केली. जेथे सरपण दुर्मिळ आहे अशा देशांतल्या बायकांसाठी ती होती, म्हणजे तुमच्याआमच्यासाठीच म्हणा ना. ऊब न गळणारी पेटी, वर काच आणि सभोवार तिरपे आरसे. आतली उष्णता साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत जाई. विस्तव नाही, धूर नाही आणि मूल जवळ आले तरी भाजण्याचे भय कमी. आपल्यापैकी काही जणींच्या घरी आरशाच्या झाकणाची सूर्यचूल होती. सकाळी वरणभात लावून ठेवला की दुपारी शिजलेला असे. त्या पेटीमागचे तत्त्व हेच.

पुढे त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांत काम केले. अंतराळात किंवा समुद्राखाली जाणारी नाजूक उपकरणे फार तापू नयेत आणि फार गारठू नयेत म्हणून वितळणाऱ्या-थिजणाऱ्या पदार्थांची आवरणे त्यांनी तयार केली. अपोलो यानांसाठीही ही विद्या उपयोगी पडली. घरासाठी शोधलेली युक्ती चंद्राच्या वाटेवर गेली, पण घरांकडे मात्र कोणी पाहीना. तेल स्वस्त होते. स्वस्ताई असली की बेगमीची आठवण कोणाला होते?

ती आठवण १९७३ साली झाली. त्या वर्षी अरब देशांनी तेल रोखले, भाव भडकले आणि अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. मारियाबाई तेव्हा डेलावेअर विद्यापीठात होत्या. त्याच वर्षी त्या विद्यापीठाने सोलर वन नावाचे घर उभारले. डोव्हरच्या घराला उन्हापासून फक्त ऊब मिळत असे. त्याचे पंखे कंपनीच्याच विजेवर फिरत. सोलर वनच्या छतावर मात्र ऊब आणि वीज दोन्ही तयार होत होती. ऊब आणि गारवा साठवायला त्यात मारियाबाईंची क्षारांची बेगमी होती. म्हणजे १९४८ सालच्या घराला जे साधले नाही, त्यातले अर्धे येथे साधले.

पुढचे पाऊल १९८० साली पडले. तेव्हा त्या ८० वर्षांच्या होत्या आणि निवृत्त झालेल्या होत्या. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात कार्लाइल गावी सरकारच्या ऊर्जा खात्याने उन्हाच्या विजेवर चालणारे घर बांधायला घेतले, आणि त्या कामात मारियाबाईंनी मदत केली. हे घर वीज कंपनीच्या तारांना जोडलेले होते. दिवसा जास्त झालेली वीज बाहेर जाई, कमी पडेल तेव्हा बाहेरून येई. आज आपल्या गल्लीत ज्या दोन घरांवर सोलर बसले आहे, त्यांची रीत हीच. घराच्या वहीला जमेची बाजू लागली ती अशी.

आणि १९९४ साली जर्मनीत फ्रायबुर्ग शहरी रोल्फ डिश नावाच्या वास्तुविशारदाने स्वतःसाठी एक गोल घर बांधले. सूर्यफुलासारखे ते सूर्याबरोबर फिरते. स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करणारे जगातले पहिले घर म्हणून ते ओळखले जाते. नंतर त्याच शहरात त्यांनी अशा पन्नासाहून अधिक घरांची वसाहतच वसवली.

त्यानंतर वर्षभराने मारियाबाई आपल्या जन्मगावी बुडापेस्टला गेल्या होत्या. तेथेच २ डिसेंबर १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. ९५ वर्षे पुरी व्हायला दहाच दिवस उरले होते. पाहुणी म्हणून अमेरिकेत गेलेली ही बाई सत्तर वर्षांनी जन्मगावाच्या मातीतच विसावली. त्यांच्या नावावर २० हून अधिक पेटंटे आहेत. २०१२ साली अमेरिकेतील थोर संशोधकांच्या राष्ट्रीय नामावलीत त्यांचे नाव घेण्यात आले.

आता मारियाबाईंच्या आयुष्याचा जमाखर्च आपण कसा मांडायचा? त्यांचे नावाजलेले घर तीन हिवाळ्यांत बिघडले. खर्चापेक्षा जास्त ऊर्जा देणारे घर त्यांच्या हातून पुरे झाले नाही. पण मिठाला विरजण कसले लावावे, साका बसू नये म्हणून काय करावे, हे पुढच्यांना कळले ते त्या बिघडलेल्या डब्यांमुळेच. उन्हाळ्यात लोणचे बिघडले म्हणून कोणी कैरी घालायचे सोडत नाही. मीठ कमी पडले की बरणी ओली होती, ते पाहते आणि पुढच्या वर्षी नीट घालते. माझ्या गच्चीवरच्या बंबाबाबतीत मी हे पाहिलेच नव्हते. पाणी जड होते, म्हणून वेळच्या वेळी क्षार काढायला हवे होते, आणि दुरुस्ती कोण करणार हे घेण्याआधी विचारायला हवे होते. मी मात्र सगळा दोष उन्हाला देऊन मोकळी झाले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बेगमीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. छतावर सोलर असलेल्या घरांतही रात्री दिवा लागतो तो बहुधा कंपनीच्याच विजेवर, आणि ती वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून येते. आपली दिवसाची वीज वहीत जमा होते, पण डब्यात राहत नाही. साठवणीच्या बॅटऱ्या निघाल्या आहेत, तरी त्यांची किंमत अजून सर्वांना झेपण्यासारखी नाही. म्हणून देणारे घर झाले तरी रात्री वीज जपून वापरण्याची सवय सुटता कामा नये. आणि जी कामे दिवसा होतात ती दिवसाच करावीत. आपल्या मंडळाचे मसाला कांडपाचे यंत्र दिवसाच चालते. त्याला रात्रीच्या बेगमीची गरजच नाही. गेल्या सभेत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

शेजारच्या कुटुंबांसाठी एक माहिती देते. २०२४ साली केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली आणि राहत्या घरांच्या छतावरील सोलरसाठी अनुदान ठेवले. ते घरांसाठी आहे, आपला हॉल त्यात बसेल असे धरून चालू नये. हॉलचा खर्च फंडातूनच करावा लागेल, आणि तो फंड म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पाठीचा आणि मनगटांचा घाम आहे, हे मी विसरलेली नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा निघेल तेव्हा मी चार प्रश्न विचारणार आहे. बिघडले तर दुरुस्तीला कोण येणार, आणि तसे लेखी देणार का? पॅनेलची आणि यंत्राची हमी किती वर्षांची? उरलेल्या विजेचा हिशेब वर्षअखेर कोण तपासणार? आणि धूळ बसली की पॅनेल धुणार कोण? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानाची मिळाली, तर माझा हात या वेळी बाजूने वर जाईल. चौथ्याचे उत्तर मीच देऊन ठेवते. धुण्याच्या पाळीत पहिले नाव माझे लिहावे.

चूकभूल द्यावी घ्यावी.